हजार हातांचे काम

एकाच वहीत चौघे जण एकाच वेळी लिहू लागले तर? एकाने लिहिलेले दुसरा खोडेल. संगणकाची आज्ञावली अनेकजण मिळून लिहितात, तेव्हा हाच धोका असतो.

फिनलंडचे लिनस टोरवाल्ड्स विद्यार्थी असताना, १९९१ मध्ये, त्यांनी 'लिनक्स' लिहायला घेतले. पुढे जगभरातून लोक त्यात भर घालू लागले. आलेली प्रत्येक दुरुस्ती लिनस स्वतः जोडत. एकटा माणूस किती पुरणार? २००२ पासून त्यांनी त्यासाठी एक साधन वापरले. पण २००५ मध्ये त्याचा मोफत वापर बंद झाला. तेव्हा त्यांनी स्वतःच 'गिट' लिहिले, आणि तेही काही दिवसांत!

गिटमध्ये प्रत्येकाजवळ साऱ्या कामाची, जुन्या नोंदींसह, पूर्ण प्रत असते. तिच्यातून एक 'शाखा' काढायची आणि हवे ते बदल करून पाहायचे. बिघडले तर शाखा टाकून द्या. मूळ काम जसेच्या तसे राहते. जमले तर विभाग सांभाळणारा ते तपासून लिनसकडे पाठवतो आणि लिनस ते मुख्य शाखेत मिळवतात.

दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर मात्र गिट कोणाचीच बाजू घेत नाही. ते थांबते, दोन्ही ओळी समोर ठेवते. कोणती ठेवायची, हे माणसांनी ठरवायचे.