स्पॅनिश शिकायला परक्या घरी

घिवली-बोईसर पट्ट्यातून चाळिशीत कोणी स्पेनला भाषा शिकायला निघाले, तर वयाची अडचण नाही. प्रौढांसाठी तिथे आठवड्या-आठवड्यांचे वर्गही असतात. तिथल्या सालामांका शहराचे विद्यापीठ 1218 सालचे. त्या शहरात परदेशी विद्यार्थ्यांना घरात ठेवून घेणे नेहमीचे आहे.

राहायला यजमान कुटुंबच निवडा. वर्गात व्याकरण कळते, पण जीभ सैल होते ती जेवणाच्या टेबलावर. दुपारचे जेवण दोन-तीनला, रात्रीचे नऊनंतर, हे आधीच लक्षात ठेवा. घिवलीच्या मासे खाणाऱ्याला तिथे परके वाटणार नाही: कोळंबी, माकूल, शिनाण्या सगळे मिळते, फक्त फोडणीऐवजी ऑलिव्ह तेल. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या वेळीच स्पष्ट कळवा. तिथला बटाट्याचा प्रसिद्ध ‘तोर्तिया’ अंड्याशिवाय होत नाही. घरात दुसरा इंग्रजी बोलणारा पाहुणा नको, असेही सांगा. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची अट.

शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. पुढे विद्यार्थी व्हिसा लागतो. स्पेनची वकिलात मुंबईतही आहे.

शिकलेल्याचा दाखला हवा असेल तर ‘देले’ परीक्षा द्या. ए1 ते सी2 अशा सहा पातळ्या असून प्रमाणपत्राला मुदत नाही.

जाण्यापूर्वी ए1 इथेच करा. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग स्पॅनिश शिकवतो.