हात खिशात

मोटर थरथरली, अर्धा वळसा घेऊन मागे आली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

हे मला फार उशिरा जमलं. २८ वर्षं आयटीआयमध्ये निदेशक होतो, मोटर वायंडिंग शिकवायचो. पोराचं चुकलं की त्याच्या हातातली पक्कड घ्यायची आणि करून दाखवायचं, हीच आमची रीत. निवृत्तीनंतर पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या ताईंना विज्ञानाचे प्रयोग शिकवू लागलो. ताई वस्तीतल्याच, बारावीपर्यंत शिकलेल्या. पहिल्या शिबिरात मी फळ्यावर फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम काढला. आठवड्यानं अभ्यासिकेत मागे जाऊन बसलो, तर ताई तोच नियम वहीतून मुलांना वाचून दाखवत होत्या. सेल आणि लोहचुंबक पिशवीतच. जसं मी शिकवलं, तसंच त्यांनी शिकवलं होतं!

मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे शिबिरात शिक्षक आधी स्वतः मुलांसारखे प्रयोग करायचे. शिबिर संपलं तरी पाठ सुटायची नाही. कार्यकर्ते वर्गात येऊन बसायचे, महिन्याच्या बैठकीत अडचणी निघायच्या. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या वालट्यूबनं जोडून सांगाडे करायचे, ही अरविंद गुप्तांची कल्पनाही तिथलीच. आता मी ताईंच्या हाती आधी तेच देतो. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो. मग छपराच्या कैच्यांकडे त्या आपणच वर बघतात.

ताईंना धास्ती एकच: "काका, पोरांनी विचारलं आणि मला नाही आलं तर?" म्हणून "मलाही माहीत नाही, बघू या" हे वाक्य मी त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतो. पहिल्यांदा म्हणताना सगळ्या पदराआड हसतात.

तर ती मोटर. पासोड्या विठोबापाशी मिळणारी इनॅमलची तांब्याची तार, तिची दहा वेढ्यांची कॉइल, सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना, सेलवर चुंबक. पिनांवर टेकणारी तारेची टोकं घासावी लागतात, इनॅमलमधून वीज जात नाही. ताईंनी दोन्ही टोकं गोल फिरवून लख्ख घासली होती. माझी बोटं खिशात वळवळत होती.

"माझी फिरत नाही. कुणाची फिरतेय?" ताईंनी विचारलं. एका मुलीची गरगरत होती. सगळे तिच्याभोवती. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ताई, हिनं कंटाळा केलाय! एक टोक अर्धंच घासलंय!"

तिचा कंटाळाच बरोबर होता. पूर्ण घासलं की अर्ध्या फेऱ्यात चुंबक कॉइलला पुढे ढकलतो, उरलेल्या अर्ध्यात मागे. एका टोकाचा अर्धा भाग झाकलेला राहिला तर तेवढ्या वेळात वीज तुटते आणि कॉइल आपल्या वेगावरच पुढे निघून जाते.

पण ताईंची तार तर आधीच घासलेली. नवी कॉइल करा, हे माझ्या जिभेवर आलं होतं. ताईंनी पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली, कॉइल उभी धरून एका टोकाच्या वरच्या अर्ध्या भागावर ब्रश फिरवला आणि फुंकर मारत बसल्या. वाळल्यावर मोटर फिरली.

आयुष्यभर वायंडिंगला वॉर्निश पाजलं, पण मला हे सुचलं नसतं. आता माझ्या पेटीत पॉलिश पेपरशेजारी एक लाल बाटली असते. घरी तिची चौकशी झाली, ती वेगळी गोष्ट.