उजवं बटण, पण जरा जपून!

सकाळी आलेल्या दुधाबद्दल शंका असली, की आपण ते कालच्या दुधात ओतत नाही. वेगळ्या भांड्यात तापवून बघतो. नासलंच, तर तेवढंच नासतं. मैत्रिणींनो, कॉम्प्युटरवरचा 'सँडबॉक्स' म्हणजे असंच वेगळं भांडं. शंकेची फाइल त्यात उघडायची. ती जे काही उलटंसुलटं करील, ते त्या खोक्यातच राहतं. विंडोजवर चालणारी 'सँडबॉक्सी' ही सोय रोनेन त्सूर यांनी २००४ साली आणली. २०२० पासून ती सर्वांसाठी मुक्त आहे.

हे बायकांना कशाला, असं म्हणू नका हं! ठाण्याचं वर्तकनगरच घ्या. म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा विषय तिथे घरोघरी. सभेचं इतिवृत्त, कराराचा मसुदा, नकाशे, सारं ईमेलनं येतं. चिटणीसबाई ते घरच्याच कॉम्प्युटरवर उघडतात आणि त्यातच मुलांचे फोटो अन् ह्यांच्या बँकेचे कागदही असतात. अनोळखी पत्त्यावरून आलेला 'मसुदा' खोक्यात उघडलेला बरा, नाही का?

पण इतकं करूनही घोळ होतो, तो बोटामुळे. उजवं बटण दाबलं, की मेनूची लांबलचक यादी उघडते. त्यात 'रन सँडबॉक्स्ड'ऐवजी 'ओपन'वर बोट पडलं, की फाइल थेट घरात! दुसरी चूक त्याहून जिव्हारी लागणारी. खोक्यात बसून तासभर मसुद्यावर शेरे लिहिले, 'रिकव्हर'ऐवजी 'डिलीट कंटेंट' दाबलं आणि सगळं पुसलं गेलं.

हे टाळायला थोडी शिस्त हवी, एवढंच.

१. शंकेच्या फाइलवर दोनदा टिचकी मारायची नाही. एकदाच निवडायची, मग उजवं बटण दाबून ओळ सावकाश वाचायची.

२. 'डाउनलोड्स'चं फोल्डर खोक्याच्या सेटिंगमध्ये 'फोर्स फोल्डर' म्हणून नेमून टाका. मग तिथली फाइल सवयीनं उघडली गेली, तरी ती खोक्यातच उघडते. वर्ड वगैरे आधीपासून बाहेर उघडं असेल, तर मात्र ते आधी बंद करा.

३. चुकीच्या ओळीवर बटण दाबलं गेलंच, तर बोट उचलू नका. बाण तसाच मेनूच्या बाहेर सरकवा आणि मग सोडा. बहुतेक मेनू बोट उचलल्यावरच हुकूम पाळतात. नुसताच मेनू उघडला असेल, तर 'एस्केप'ची कळ दाबा.

४. पुसण्याआधी कॉम्प्युटर 'नक्की का?' असं विचारतो. 'पुन्हा विचारू नका' या चौकटीत खूण करू नका. त्या प्रश्नाचा कंटाळा करणं महागात पडतं.

५. कामाचं खोकं वेगळं ठेवा. ते रिकामं होऊ नये म्हणून नव्या सँडबॉक्सीत संरक्षणाची सोय आहे. तिथे खूण करा. लिहिलेलं त्याच दिवशी 'रिकव्हर' करून बाहेर काढा. मात्र फक्त आपलं लिखाण. शंकेची फाइल नव्हे!

६. लॅपटॉपच्या पट्टीवर नुसता स्पर्श झाला तरी टिचकी पडते. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा आणि बाणाचा वेगही कमी करा. वयस्कर सासूबाईंना तर याचा फार उपयोग होतो.

फाइल खोक्यात आहे की बाहेर, हे कसं ओळखायचं? सँडबॉक्सीतल्या खिडकीच्या मथळ्यात # अशी खूण असते, आणि मथळ्यावर बाण नेला की भोवती पिवळी चौकट उमटते. खूण दिसली नाही, तर पुढे काही करू नका, खिडकी बंद करा.

विंडोजचा स्वतःचा सँडबॉक्सही २०१९ पासून आहे. पण तो 'होम' आवृत्तीत मिळत नाही, आणि त्याची खिडकी बंद केली, की आतलं सगळं जातं. त्यात जपून ठेवायचं काही लिहूच नका.

आणि एक, खोकं फाइलला अडवतं, आपल्या भाबडेपणाला नाही. खोट्या पानावर पासवर्ड किंवा ओटीपी लिहिलात, तर तो गेलाच, मग चौकट पिवळी असो की नसो. पैसे गेल्याचं कळताच १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. तिथे उशीर करून चालत नाही.

आज दुपारी एखादी बिनमहत्त्वाची फाइल घ्या आणि उघडणं, बाहेर काढणं, पुसणं असं चार वेळा करून पाहा. बोटाला वळण लागलं, की घाईच्या वेळी ते चुकणार नाही.