पेशीतील नवी भिंत काय सांगते?

कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी तुम्ही प्रयोगशाळेत पाहिली असेल. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन टोकांना जातात व मध्ये नवी भिंत तयार होते. आपले लक्ष बहुधा गुणसूत्रांकडेच असते. पण ही भिंत कशी उभी राहते यावरून वनस्पतींचे नातेगोते ओळखता येते, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

प्राण्याची पेशी विभागताना मध्यावर आवळली जाते. बटव्याची दोरी ओढावी तशी. कांद्याच्या पेशीत याच्या अगदी उलट घडते. दोन केंद्रकांच्या मध्ये अतिशय बारीक नळ्या, म्हणजे सूक्ष्मनलिका, नव्या भिंतीच्या पातळीला लंब अशा उभ्या राहतात. भिंतीचे साहित्य भरलेल्या चिमुकल्या पिशव्या त्यांच्या आधाराने मध्यावर येतात, एकमेकींत मिसळतात व त्यांची चकती बनते. ही चकती मधून कडेकडे वाढत जुन्या भिंतीला भिडते. या यंत्रणेला फ्रॅग्मोप्लास्ट म्हणतात. ग्रीक भाषेत ‘फ्रॅग्मॉस’ म्हणजे कुंपण.

सूक्ष्मनलिकेची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावरील दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. या नलिकांची रचना उलगडली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे.

त्याखाली हरित शैवाले तपासली तेव्हा एक नवल आढळले. क्लॅमिडोमोनासमध्ये केंद्रके पुन्हा जवळ येतात व त्यांच्यामध्ये सूक्ष्मनलिका विभाजनाच्या पातळीतच आडव्या पसरतात. याला फायकोप्लास्ट म्हणतात. तळ्यात वाढणाऱ्या कारामध्ये मात्र कांद्यासारखा फ्रॅग्मोप्लास्ट! अशा पुराव्यांवरून जेरेमी पिकेट-हीप्स व हार्वे मर्चंट यांनी १९७२ साली मांडले, की हरित शैवालांचे दोन वेगळे वंश आहेत आणि जमिनीवरील वनस्पती काराच्या वंशातून आल्या.

तुमच्या ओळखीचा स्पायरोगायरा याच वंशातला. त्याच्या पेशीत भिंत कडेकडून आत वाढू लागते. शेवटी मधली फट बुजवायला एक छोटा फ्रॅग्मोप्लास्ट येतो. म्हणजे दोन्ही पद्धती एकाच पेशीत! हीच उत्क्रांतीची मधली पायरी, असे कोणालाही वाटेल.

पण थांबा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या मोठ्या तुलनेत भूवनस्पतींचा सर्वांत जवळचा नातेवाईक ठरला तो कारा नव्हे, तर स्पायरोगायराचा गट. मग दूरच्या काराकडे पूर्ण फ्रॅग्मोप्लास्ट आणि जवळच्या स्पायरोगायराकडे अर्धामुर्धा, हे कसे? एक शक्यता अशी, की पूर्ण यंत्रणा दोघांच्या पूर्वजाकडेच होती व स्पायरोगायरात ती पुढे आखडत गेली. साधे ते जुने असतेच असे नाही.

पुढच्या वेळी कांद्याची काचपट्टी पाहाल तेव्हा गुणसूत्रांवरून नजर जरा मध्यावर आणा. तेथे उमटणारी ती पुसट रेघ कोट्यवधी वर्षांचा वारसा आहे.