आतड्यातले जिवाणू उपाशी राहिले तर काय होतं?

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ किंवा पेरू खाल्ला की त्यातला काही भाग माणसाला पचवताच येत नाही. बोलीभाषेत त्याला चोथा म्हणतात, आहारतज्ज्ञ तंतुमय पदार्थ म्हणतात. तो लहान आतड्यातून जवळपास तसाच पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात पोचतो. पोट साफ राहण्यापुरताच त्याचा उपयोग, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंसाठी हेच जेवण असतं.

एका सर्वसाधारण माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

रोगप्रतिकारशक्तीचा संबंध कुठे येतो?

आतड्याचं आतलं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं. त्याच्या एका बाजूला जिवाणूंची ही गर्दी, तर दुसऱ्या बाजूला रोगप्रतिकारक पेशींची दाट वस्ती. दोघांमध्ये आणखी एक आडोसा असतो, तो म्हणजे अस्तरावरचा बुळबुळीत श्लेष्माचा थर.

या पेशींचं काम अवघड आहे. समोर दिसेल त्या जिवाणूवर त्या तुटून पडल्या, तर आतड्याला कायमची सूज येईल. डोळेझाक केली, तर एखादा खरा रोगजंतू आत शिरेल. कधी गप्प बसायचं, याचा इशारा त्यांना काही प्रमाणात जिवाणूंकडूनच मिळतो.

चोथा आंबवताना जिवाणू काही आम्लं तयार करतात. त्यातलं ब्युटिरेट महत्त्वाचं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे. शिवाय, रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणाऱ्या ‘नियामक टी पेशी’ ब्युटिरेटमुळे वाढतात, हे २०१३ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं. (ब्युटिरेट हे नाव लोण्याच्या लॅटिन नावावरून आलं आहे आणि लोण्या-तुपात ते थोडं असतंही. पण मोठ्या आतड्याला लागणारं ब्युटिरेट प्रामुख्याने तिथले जिवाणूच बनवतात. त्यामुळे चोथ्याची भरपाई तूप करेल, अशी आशा धरू नये.)

आणि चोथा मिळालाच नाही तर?

तर जिवाणू घरच खायला लागतात. २०१६ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात याबद्दलचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात माणसाच्या पोटात आढळणारे १४ प्रकारचे जिवाणू सोडण्यात आले. काही उंदरांना चोथायुक्त खाणं दिलं, काहींना चोथा अजिबात नसलेलं. दुसऱ्या गटात जिवाणूंनी श्लेष्माच्या थरावर ताव मारला. त्या थरातही शर्करेच्या साखळ्या असतात, त्यामुळे काही जिवाणूंना तो खाता येतो. थर पातळ झाला. मग या उंदरांना आतड्याचा संसर्ग करणारा रोगजंतू दिला, तेव्हा त्यांना आतड्याचा जीवघेणा दाह झाला. शुद्ध करून वेगळे काढलेले तंतू खाण्यात मिसळूनही थर वाचला नाही. धान्य आणि भाज्यांमधल्या गुंतागुंतीच्या तंतूंची जागा त्यांना घेता आली नाही.

अर्थात, हे उंदीर होते आणि माणसाचं जेवण इतकं टोकाचं क्वचितच असतं.

माणसांवर काय दिसलं?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०२१ मधला अभ्यास इथे बोलका आहे, कारण त्यात अपेक्षेपेक्षा वेगळं घडलं. ३६ निरोगी प्रौढांचे दोन गट करून त्यांना १० आठवडे वेगवेगळा आहार दिला गेला. एका गटाने डाळी, अख्खी धान्यं, भाज्या, फळं, सुकामेवा खात तंतूंचं प्रमाण दिवसाला सुमारे २२ ग्रॅमवरून ४५ ग्रॅमवर नेलं. दुसऱ्याने दही, केफिर, किमची, कोम्बुचा असे आंबवलेले पदार्थ दिवसाला साधारण सहा वेळा घेतले.

आंबवलेल्या पदार्थांच्या गटात जिवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तातल्या दाहाशी संबंधित १९ प्रथिनांचं प्रमाण घटलं. चोथ्याच्या गटात असा सरसकट फरक दिसला नाही, प्रत्येकाच्या शरीराने वेगळा प्रतिसाद दिला. मग चोथा निरुपयोगी का? तसं नाही. वर्षानुवर्षं कमी चोथा खाल्लेल्या माणसाच्या पोटात तो पचवणारे जिवाणूच उरलेले नसतील, तर १० आठवडे अपुरे पडू शकतात, असं संशोधकांना वाटतं. रोजच्या ताटात दही-ताक आणि उसळ दोन्ही असणाऱ्यांना यातून एकाचीच निवड करायचं कारण नाही.

प्रोबायोटिकच्या गोळ्या घेतल्या तर भागेल?

इथे सावध राहायला हवं. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर इम्युनोथेरपी दिली जाते, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींना गाठीवर सोडलं जातं. २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १२८ रुग्णांचा आहार तपासला गेला. दिवसाला किमान २० ग्रॅम तंतू खाणाऱ्यांमध्ये आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. त्यातही सर्वात चांगले परिणाम होते ते पुरेसे तंतू खाणाऱ्या, पण प्रोबायोटिक न घेणाऱ्या रुग्णांचे. हे निरीक्षण आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. पण उंदरांवरच्या प्रयोगातही प्रोबायोटिक दिल्यावर उपचाराचा परिणाम कमी झाला. त्यामुळे कर्करोगावर उपचार सुरू असणाऱ्यांनी औषधाच्या दुकानातून अशा गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं.