पेल्यांतील पाणी कां सांडत नाहीं?

"हवेस दाब असतो," हें वाक्य मुलें तोंडपाठ म्हणतात. परंतु हातास प्रत्यय आल्यावांचून तें त्यांच्या मनांत ठसत नाहीं. यास्तव आम्ही वर्गांत करवितों तो प्रयोग घरींही करून पाहावा. खालीं परात ठेवून कांचेचा पेला पाण्यानें कांठोकांठ भरावा, वर जाड गुळगुळीत कागद ठेवावा, तो तळहातानें दाबून पेला पालथा धरावा व हात हळूच काढावा. कागद पडत नाहीं, कारण हवा त्यास खालून वर रेटते. हा दाब सुमारें १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलूं शकतो. मग पेल्याची काय कथा! पाणी सांडल्यास पालकांनीं रागावूं नये. कडेनें हवा शिरली काय, हें मुलास स्वतः शोधूं द्यावें व पुन्हां प्रयोग करूं द्यावा.