आईच्या डबीतली चकती

कोंडापूर म्हटलं की हल्ली सगळ्यांना हैदराबादचं हायटेक सिटीशेजारचं कोंडापूर आठवतं. माझी भाची तिथंच नोकरीला आहे. मी सांगतोय ते दुसरं. हैदराबादहून बिदरकडे येताना संगारेड्डीजवळ हमरस्ता सोडून आत गेलं की लागणारं खेडं. दिवाळीच्या सुट्टीत भाचीकडून परतताना आम्ही तिथं थांबलो. गाडीत बायको, मुलगी आणि मागच्या सीटवर माझी ऐंशीची आई.

गावाबाहेर एक टेकाड आहे. लांबून पाहिलं तर थांबावंसं वाटणार नाही. पण १९४० नंतर निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली हे टेकाड खोदलं आणि आतून सातवाहनांच्या काळची वस्ती निघाली. विटांची बांधकामं, भट्ट्या, मण्यांचे ढीग, सुमारे २००० नाणी. त्यातच रोमचा सम्राट ऑगस्टस याचं सोन्याचं नाणं! जवळच केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं लहानसं संग्रहालय आहे.

मुलीनं विचारलं, "अप्पा, रोमनरु इल्लिगे बंदिद्दरा?"

नाणं आलं म्हणजे माणूस आला असं नव्हे, हे तिला सांगितलं. बंदरावर उतरलेलं सोनं व्यापाऱ्यांच्या हातून हातात असं आत सरकत यायचं. आपल्याकडून कापड, मिरी, रंगीत खडे जायचे. भारतापायी दरसाल ५ कोटी सेस्टर्स जातात म्हणून प्लिनीनं हिशेब मांडला होता. आपल्या भागातलं तेर हे तर त्या व्यापारातलं मोठं नाव. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत त्याला तगर म्हटलंय. पैठणहून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जातं, असं त्यात आहे. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिची जणू धाकटी बहीण तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. तेर, बिदर, कोंडापूर ही सगळी १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. आता तीन राज्यांत आहेत.

मला स्वतःला सोन्यापेक्षा मातीचं जास्त अप्रूप वाटतं. कोंडापूरला, तेरलाही, रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत. सम्राटाच्या मुखवट्याची चकती, आणि दोऱ्यात ओवायला भोक किंवा कडी. ज्याला सोनं परवडत नव्हतं त्यानं मातीचा सम्राट गळ्यात घातला! आपल्या पुतळ्यांच्या माळेचीच ही हौस. बायको म्हणाली, "नम्म कासिन सरदंग अदल्ल!"

एवढा वेळ गप्प असलेली आई म्हणाली, "तसली एक माझ्याकडं आहे की."

आईचं माहेर तेरचं. पहिल्या पावसानंतर शेतात मणी वर यायचे, ते वेचायला पोरं पळायची, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. चकतीचं ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर तिनं ट्रंकेतून कुंकवाची जुनी डबी काढली. आत कापसात रुपयाएवढी तांबडी चकती, वर दोन भोकं. चेहरा झिजून गेलेला, नाक तेवढं हाताला लागतं.

"मी नि माझी बहीण बाहुलीच्या गळ्यात घालायचो. ती गेली, तेव्हापासून माझ्याकडंच."

मी इतिहासाचा प्राध्यापक. पोरांना वर्गात सांगतो की सापडलेली वस्तू घरात ठेवू नये, संग्रहालयात द्यावी. मातीतून उचललेल्या वस्तूचा अर्ध्याहून जास्त इतिहास तिथंच राहतो. तेच आईला सांगताना घसा कोरडा पडला. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "तिथं काचेमागं ठेवतील. कुणाची म्हणून लिहितील?"

मला उत्तर सुचलं नाही. तेरच्या शेतात नेमकी कुठं सापडली ते मात्र विचारून वहीत लिहून घेतलं: मारुतीच्या देवळामागं, ओढ्याच्या अंगाला, चिंचेखाली.

येत्या शनिवारी तेरला जायचं ठरलंय. आई येते म्हणाली आहे. डबी मात्र तिनं अजून माझ्या हातात दिलेली नाही.